एकाच कानाचं करा

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला वेळ होता. एका शिंप्याने दुखऱ्या कानातला कापसाचा बोळा हळूच काढला, कारण शेजारच्या बाकावर मावशी आणि भाचा रंगात आले होते.

“मावशी, दोन्ही कानांत गुणगुण होते एवढंच सांग. परग्रहवाल्यांचा विषय काढू नकोस.”

“खरं तेच सांगणार. ते दिसत नाहीत, पण बघायला लागले की गुणगुण सुरू होते.”

“बघून करतात काय?”

“काही नाही. मी भांडी घासते, ते बघतात. पडदे बदलले तेव्हा फार गुणगुणले. रंग आवडला नसावा.”

“आज औषध घातलं की गुणगुण बंद आणि तेही बंद. सुटलीस.”

“परवा मी बाथरूममध्ये पडले ना, तेव्हा उठून बसेपर्यंत त्यांची गुणगुण थांबली नाही.”

“पडलीस? मला फोन का नाही केलास?”

“तू कामात असतोस, बाबा. त्यांना दुसरं कामच नाही.”

तेवढ्यात आतून मावशीला बोलावणं आलं.

“चल, मावशी.”

“चल. पण डॉक्टरांना सांग, एकाच कानाचं करा. दुसरा राहू दे.”