थांबून झाडायची गोळी

अठ्ठेचाळीस साली बार्शीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो. शेजारी फौजेतून परतलेले महालिंगप्पा बसले होते. निजामाच्या हद्दीतून आलेल्या लोकांना ते एका बंद गोदामात बंदूक चालवायला शिकवत. परंड्याकडच्या धुरपदाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काल माज्या हातातली बंदूक का काढून घेतली, उस्ताद?”

“थांबा म्हणलं तरी तुमी भराभर गोळ्या सोडत व्हता. एक गोळी झाडली की नळी खाली करायची, समोर बघायचं, मगच दुसरी. गोदामाचा कायदाच हाय तो.”

“आमच्या गावावर निजामाचे लोक चालून आले, ते बघत थांबले व्हय? त्यांची बंदूक एकदा सुरू झाली ती थांबलीच न्हाय.”

“म्हणून तर आपण थांबायचं, बाई.”

“कशापायी?”

“समोरच्यानं हात वर केले असतील, तर ते दिसाय पायजेत.”

धुरपदाबाईंनी रुळांकडं तोंड फिरवलं.

“आमच्या मालकांनी केले व्हते हात वर. म्या दारातनं बघितलं.”

महालिंगप्पांनी बाकावरची पिशवी उचलून त्यांना जागा केली. त्या बसल्या.

“उद्या बंदूक द्या, उस्ताद. म्या थांबंन.”