यंदाची तक्रार

सन्माननीय अध्यक्ष डॉ. गुन्नार एकब्लूम, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती परिचारिका तूलिक्कीबाई हापासालो, वॉर्डातले आजी-माजी कर्मचारी, आणि माझ्यासारखेच दुसऱ्याचं यकृत पोटात घेऊन इथे बसलेले माझे बंधू-भगिनी,

मी एन्सिओ राउतियाइनेन. कुहमोच्या रानातल्या वाड्यावस्त्यांवर फिरत्या वाचनालयाची गाडी चालवत होतो, आता निवृत्त आहे. हेलसिंकीहून भाषणाचं आमंत्रण आलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही बोलणार? वर्षभराचे शब्द एका दिवसात संपतील, मग घरी काय करणार?" मी म्हटलं, "घरी तू आहेस की." तेव्हा सभा थोडी सांभाळून घ्या.

तिसऱ्या रांगेत निळ्या स्वेटरमध्ये बसली आहे ती माझी मुलगी अन्नुक्का. माझं यकृत ठणठणीत आहे, पण ते टिकवणाऱ्या गोळ्यांनी मूत्रपिंडं थकवली आहेत. अन्नुक्काला तिचं एक मला द्यायचं आहे. तपासण्या झाल्या, जुळतं आहे. "बाबा, घेशील ना?" असं तिने हिवाळ्यात विचारलं. आता बर्च झाडांना पालवी फुटली, तरी मी उत्तर दिलेलं नाही. आज ते देऊन टाकावं की नाही, हे गाडीत येतानाही माझं ठरत नव्हतं. असो. त्याकडे येतोच.

कितीजण किती वर्षं जगले, त्याच्या रेघा आत्ताच अध्यक्षांनी पडद्यावर दाखवल्या. माझ्या वेळच्या रुग्णांची रेघ सुरुवातीलाच घसरगुंडीसारखी खाली येते. आताच्या रुग्णांची बराच वेळ सपाट जाते. डॉक्टर, आमच्या वेळी तुम्ही फक्त पहिल्या वर्षाबद्दल बोलायचात, आठवतंय? पुढचं कुणी विचारतच नव्हतं. आता बाहेर कॉफी पिताना एक तरुण मला विचारत होता, "काका, घरासाठी पंचवीस वर्षांचं कर्ज काढू का?" मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. पण आपण फिनलंडमध्ये आहोत, म्हणून मान हलवली.

त्या रेघेच्या घसरगुंडीवर माझा एक दोस्त आहे. कालेर्वो, केमी गावचा, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. ऑपरेशन उत्तम झालं होतं. घरी गेला, आणि ऐन मध्य-उन्हाळ्याच्या सणात त्याला ताप भरला. ताप आला तर तडक फोन करायचा, हे त्याला पाठ होतं. पण बायकोला म्हणाला, "सणाचा दिवस आहे, नर्सबाई तळ्याकाठी असतील, कशाला त्रास द्यायचा?" आपण हसणार नाही, कारण आपल्यातला कोण वेगळं वागला असता? सण संपल्यावर त्याने फोन केला. तोवर उशीर झाला होता.

त्यानंतरच्या तपासणीला तूलिक्कीबाई दारातच उभ्या होत्या. डोळे लाल. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "ठीक आहे." त्या भडकल्या. "ठीक आहे म्हणणाऱ्याला आजपासून आत सोडणार नाही! एक तरी तक्रार सांगा. अहो, तुमच्या पोटात दुसऱ्या कुणाचा तरी अवयव आहे. तुम्हाला गप्प बसायचं तर बसा, पण त्याच्या वतीने तरी बोला!"

तेव्हापासून इथे ही पद्धत पडली. आधी तक्रार, मग रक्त.

माझ्या तक्रारी कशा बदलत गेल्या सांगू? पहिल्या वर्षी, "रात्री झोपायची भीती वाटते." मग, "हात थरथरतो, कप बशीवर वाजतो." मग हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली, कानावरचा कातडीचा कर्करोग कापला, आणि बाई मला टोपी घालण्यावरून बायकोपेक्षा जास्त बोलल्या. या सगळ्यात एका वर्षी काहीच सुचेना, म्हणून सांगितलं, "मुलगी पंधरा वर्षांची झाली आहे आणि दारं आपटते." बाई हसता हसता रडायला लागल्या. "एन्सिओ, ही तक्रार ऐकण्यासाठीच तर आम्ही एवढा खटाटोप केला!"

अन्नुक्का, मान खाली घालू नकोस. अजूनही आपटतेस.

परवाच्या तपासणीला मी म्हटलं, "गुडघा दुखतो."

"गुडघा गेल्या वर्षी सांगून झाला. खरी सांगा."

मग मी सांगितली. एका अनोळखी माणसाचं घेतलं, तेवढं पुरे झालं. पोटच्या पोरीला कापून जगायला माझा जीव होत नाही. मी गप्प राहिलो तर ती थकून विचारायचं सोडून देईल, असा माझा हिशेब होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी ती चार वर्षांची होती. या बाकावर बसून मला विचारायची, 'मी बाबांना काय देऊ?' मी तिला रंग दिले, म्हटलं, चित्र काढ. आणखी काय सांगणार होते? एन्सिओ, आता तिच्याकडे द्यायला खरंच काहीतरी आहे. आणि तुम्ही तिला पुन्हा चित्रच काढायला लावताय." मग म्हणाल्या, "नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणा. पण गप्प बसू नका."

तूलिक्कीबाई, कॉफीबरोबरच्या खाऱ्या, सँडविचसारख्या केकवर कच्चा मासा होता. जंतूंच्या भीतीने तो आम्हाला चालत नाही, हे समारंभ समितीच्या ध्यानात आलं नाही. तुम्ही स्वतःच्या निरोपाच्या दिवशी, अंगावर नवा झगा असताना, स्वयंपाकघरात जाऊन तो बदलून घेतलात. तुमच्याबद्दल याहून जास्त मला सांगता येणार नाही. माझी यंदाची तक्रार एवढीच आहे, की तुम्ही निघालात. तुम्ही मला फार आवडता. 'तू मला आवडतेस' असं मी बायकोलाही आजवर दोनदाच म्हटलं आहे.

आणि अन्नुक्का. कालेर्वो गप्प राहिला. मी नाही राहणार. मला भीती वाटते, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. पण मला अजून जगायचं आहे, आणि तू देतेस तर मी घेतो. हो, बेटा. घेतो.

अध्यक्ष महाराज, वेळ जास्त घेतला, क्षमस्व. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि नाहीच मावलं, तर तक्रार करा. इथे तशी पद्धत आहे.