चिठ्ठीखालची उत्तरं

मुलगी : उद्या सकाळी ट्रक येणार, आणि आज तुम्ही म्हणता, मी तुझ्याकडे राहायला येत नाही. निदान कारण तरी सांगा, बाबा.

वडील : हसशील. तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं.

मुलगी : नाही हसत.

वडील : तुझी आई मला अजून चिठ्ठ्या लिहिते. मी इथून हललो तर तिनं त्या लावायच्या कुठे?

मुलगी : आईला जाऊन वर्ष होत आलं, बाबा.

वडील : ते मला ठाऊक नाही होय? ती टाइपरायटरची पेटी उघड. अडकेल, वरून एक थाप मार.

मुलगी : 'गोळी जेवल्यावर घ्या.' आणि खाली टाइप केलंय, 'घेतली. कडू होती.' हे उत्तर कुणी टाइप केलं?

वडील : मी. माझं अक्षर तिला कधी लागलं नाही. टायपिंगचा वर्ग चालवणाऱ्यानं पेन धरूच नये, म्हणायची.

मुलगी : 'स्टुलावर चढू नका.' 'चढलो नाही. म्हणजे चढलो होतो, पण उतरलो.' 'खिडकी लावून झोपा.' 'लावली. तू कशी आहेस?' बाबा...

वडील : त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या खेपेला 'दूध उकळून ठेवा', एवढंच. पहिल्यापासून तशीच. आपलं काही सांगायची नाही.

मुलगी : या येतात कधी?

वडील : रविवारी. दुपारी उठतो तर तू निघून गेलेली, आणि फ्रिजच्या दारावर ही.

मुलगी : फक्त मी येऊन गेल्यावर? याची शंका नाही आली?

वडील : शंका कसली? तिला चारचौघांत बोलायला कधी आवडलंय?

मुलगी : बाबा, या मी लिहिल्यात. तुम्ही झोपलेले असता आणि माझी बसची वेळ झालेली असते. फोनवर पाठवलेलं तुम्ही उघडत नाही, म्हणून कागदावर लिहायला लागले.

वडील : तू? शाळा सुटल्यापासून तुझं अक्षर पाहिलंय कुणी? साधी सामानाची यादीसुद्धा छापून आणतेस. हा 'ळ' बघ, शेपूट थेट खालच्या ओळीत. जन्मभर वाचत आलोय मी हे अक्षर. तिचंच आहे.

मुलगी : मला गिरवायला तिनंच शिकवलं, मुठीवर मूठ ठेवून. नंतर तुम्ही मला मशीनवर बसवलंत. वापरच नाही, त्यामुळे ते जसं शिकले तसंच राहिलं. यात गूढ काही नाही. निव्वळ सवय.

वडील : मग सिद्ध कर. हे घे पेन. मी सांगतो ते लिही. 'गॅस बंद करा.'

(पेनाची खरखर. सांगितलेल्या शब्दांपेक्षा ती जरा जास्त वेळ चालते.)

वडील : दाखव.

मुलगी : थांबा, मी दुसरा कागद घेते.

वडील : हाच दाखव. 'गॅस बंद करा. परत एकदा बघा.' परत एकदा बघा, असं मी कुठे म्हणालो?

मुलगी : नाही म्हणालात.

वडील : दारातून मागे वळून ती म्हणायची. दर वेळी.

मुलगी : लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, साठून राहतं. त्याला स्पष्टीकरण आहे.

वडील : असेल. मग दुसरा कागद कशाला घेत होतीस?

मुलगी : कारण... इतकी वर्षं टाइप करतेय. त्यात माझ्या मनात नसलेलं वाक्य कधी उमटलं नाही.

वडील : म्हणजे मी इथे उगाच तिची वाट बघत बसलो. ती दर रविवारी तुझ्याबरोबर बसनं परत जात होती.

मुलगी : यावरून असा निष्कर्ष निघत नाही, बाबा.

वडील : नसेल निघत. येतो मी उद्या. टाइपरायटर तेवढा मांडीवर घेऊन बसेन. फक्त त्या एका चिठ्ठीचं राहिलंय बघ. 'तू कशी आहेस?' पेन हातात आहे तोवर उत्तर लिहून टाक.

मुलगी : टाइप करून दिलं तर चालेल?