मुझे ताण आता है

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही ताण फार घेता. रक्तदाब उतरेपर्यंत एकादशी बंद!" तुम्हांला सांगतो, हा अभिराम आमच्या ग्वाल्हेरच्या दाना ओलीतला डॉक्टर खरा, पण ह्याच्या बारशाला मी जेवलो आहे, आणि त्यानं माझं व्रत मोडावं? हयातीत एक एकादशी चुकवली नाही, आणि पुढची तर तोंडावर! गिळला संताप. संयम हवा मंडळी, संयम!

तर आमच्या अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, मुरार भागात ते दिग्विजयसिंह श्वास आणि दाबबिंदू शिकवतात. तिथे जा, आमचा श्वास मोकळा करा!" मी? नित्य संध्येत प्राणायाम करणारा मी निवृत्त फौजीकडून श्वास शिकू? गेलो... व्रतासाठी गेलो.

त्यांनी भरवर्गात विचारलं, "दादाजी, तकलीफ़ क्या है?" जन्म ग्वाल्हेरात गेला, हिंदी येते हो, पण ऐन वेळी शब्द आठवेल तर शपथ! म्हणालो, "मुझे ताण आता है. सुबह-शाम आता है."

"तान आती है? वाह! ग्वालियर की मिट्टी है! सुनाइए!"

"सुनाना नहीं, निकालना है!"

"तो निकालिए न, शर्माना कैसा?"

आणि टाळ्या! एका बाईंनी तर मांडीवर ठेकाच धरला... संयम हवा मंडळी, संयम!

चार शब्द सुनावावेत म्हणून छातीभर श्वास घेतला, शब्द जुळवीत रोखला, रागानं अंगठा नि तर्जनीमधला मांसल भाग चिमटीत दाबला. शब्द काही जुळेनात, तेव्हा श्वास सावकाश, लांबवर सोडून दिला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला... तोच दिग्विजयसिंह गरजले, "देखिए सब लोग! यही तो सिखा रहा हूँ! दादाजी तो पहुँचे हुए हैं!"

पहुँचे हुए! आणि खरं सांगतो, कपाळाची ठणक उतरली, राग कुठे गेला कळेना! मग रोजचाच नेम केला. गोळ्या चालू होत्याच, पण श्रेय श्वासाचं! अभिरामनं यंत्र लावलं, पाहिलं, पुन्हा लावलं. "काका, कमाल! अगदी नॉर्मल!"

जिंकलो मंडळी, जिंकलो! ताठ बसून विचारलं, "बोल, एकादशी?"

"खुशाल करा. फक्त साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, तळलेल्या पापड्या बंद. फळं खा, ताक प्या."

म्हणजे मंडळी, यापुढे एकादशीला... उपासच करायचा!