रॅप्टर, सुखोई आणि सलग वास्तव्य

— ते कागद मागाहून काढा, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, तुम्ही पडाल आणि मग पंचनामा कोणी करायचा? इकडे, कॉटवर. बूट पायरीखाली ठेवलेत ना? ठेवलेत. मागच्या खेपेला तुम्ही थेट पडवीत चढला होता. हो, आठवतं मला, सगळं आठवतं — चौदा ऑक्टोबर, मंगळवार, सव्वाअकरा. तुमचं नाव शितप. पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणीला आला होता, माझ्या नातीच्या, ऋजुताच्या. आणि आज पुन्हा त्याचसाठी आलाय, हेही मला कळतं, वय एक्याऐंशी असलं म्हणून काही बिघडत नाही. हे कोकमाचं सरबत घ्या. साखर बेताची आहे. — ती वही? ती माझी आहे. पाहा की, पण बोट ओलं करून पानं उलटू नका.

विमानंच आहेत, बरोबर ओळखलंत. लढाऊ विमानं. जगातली सर्वांत पुढारलेली — निदान तसं म्हणवली जाणारी. रकाने मीच आखलेत, पट्टीनं. तुमचा मुलगा काय म्हणतो? रॅप्टर एक नंबर. कशावरून, ते विचारलंत का त्याला? नसेल विचारलंत. मोबाइलवर तो कोणीतरी घसा फाडून ओरडतो, पाठीमागे ढोल वाजतात, आणि पाच मिनिटांत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लागून मोकळे. अहो, रॅप्टर थोर विमान आहे, मी नाही म्हणत नाही. रडारला सापडणं कठीण, वेगात त्याच्या जवळपास येणारी थोडी — पण दोन हजार अकरा साली त्याचं उत्पादन बंद झालं आणि अमेरिका ते परक्या देशाला विकतच नाही. मग ज्याचं नवं विमान कोणालाच मिळणार नाही, त्याची तुलना आज कारखान्यातून निघणाऱ्या विमानाशी कशी करायची? चीनचं जे-वीस घ्या. त्याचे खरे आकडे चीन सांगत नाही, जे सांगतात ते अंदाजानं सांगतात. रशियाचं सुखोई-सत्तावन्न — त्याचा पल्ला तीन ठिकाणी तीन वेगळा. का? कारण एकानं नुसतं जाण्याचं अंतर दिलंय, दुसऱ्यानं जाऊन, लढून, परत येण्याचं, आणि तिसऱ्यानं दोन्ही वाचलेलंच नाही. ह्या दोन गोष्टी एका रकान्यात लिहिणाऱ्या माणसाला आमच्या वेळी अकरावीला बसूच दिलं नसतं. मी एकोणीसशे साठची मॅट्रिक आहे, शितप. गणितात ब्याण्णव. तेव्हा ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव होते.

राफेल वेगळं, तेजस वेगळं. तेजस एका इंजिनाचं, लहान चणीचं, ते रॅप्टरसारखं नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी विचारते की टेंपो ट्रकसारखा नाही म्हणून टेंपोला कोणी नावं ठेवतं का? ज्या कामासाठी केलंय ते काम पाहा. पण नाही — वेग सांगा, क्षेपणास्त्रं किती ते सांगा, किंमत सांगा, आणि कोण कोणाला पाडेल ते सांगा. आत बसलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. सगळी पानं चाळा, त्या बसलेल्या माणसाचं काय, हा रकाना कोणाकडेच नाही.

मी केला. तो शेवटचा, लाल शाईतला. त्यात एफ-पस्तीसच्या समोर काय लिहिलंय, वाचा. चष्मा नाही आणलात? मी सांगते. ह्या विमानातून संकटात बाहेर फेकणारं जे आसन आहे, त्यावर दोन हजार पंधरा साली बंधन आलं होतं — बासष्ट किलोंहून हलक्या वैमानिकानं त्यात बसायचं नाही. का, तर आसन बाहेर उडताना हलक्या माणसाची मान मोडण्याची भीती. जगातल्या सर्वांत महागड्या विमानांपैकी एक, आणि माणसाची मान कोणी हिशेबात धरली नाही. पुढे दोन वर्षांनी शिरस्त्राण हलकं केलं, आसनात सुधारणा केली, बंधन उठलं, तेही मी लिहिलंय. अर्धं लिहून सोडण्याची मला सवय नाही. आणि ते विमान आपल्याकडे नाही, हेही मला ठाऊक आहे. ऋजुतानं मला हे हजार वेळा सांगितलं. आजी, ते आपल्याकडे नाही. आजी, आपली आसनं वेगळी. पण तिचं वजन बावन्न किलो आहे, शितप. पावसाळ्यात ताप आला तेव्हा पन्नास झालं होतं.

हो, हो, कागदाकडे येते. सरबत तरी संपवा.

काय म्हणतात तुमचे साहेब? पहिला अहवाल "दिलेल्या पत्त्यावर उमेदवाराचे वास्तव्य आढळून आले नाही" असा गेला, तो वरून परत आला, आणि आता उमेदवारच रोज येऊन विचारते की मी त्याच घरात राहते, तर मग आढळले नाही कसं? योग्य प्रश्न आहे. आणि तुम्ही म्हणता की आजी, तुम्हीच तसं सांगितलंत. मी तसं सांगितलं नाही. मी काय सांगितलं ते शब्दशः सांगू? तुमच्या कागदावर होतं, उमेदवाराचे सदर पत्त्यावर सलग वास्तव्य आहे काय. सलग. मी म्हणाले, सलग नाही, चार वर्षं ती पुण्याला वसतिगृहात होती. होती की नव्हती? इंजिनिअरिंगची चार वर्षं ती पुण्याला होती, पावत्या आहेत. ह्यात खोटं काय आहे? प्रश्नाचं जेवढ्यास तेवढं उत्तर मी दिलं. तुम्ही लिहून घेतलंत, वही मिटलीत आणि फटफटीवर बसून गेलात. पुढचा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता — बाई, मग सध्या कुठे आहे? तो तुम्ही विचारला नाहीत. विचारला असतात तर मी सांगितलं असतं की गेल्या वर्षीच्या मेपासून, म्हणजे दीड वर्ष, ती इथेच आहे, ह्याच घरात, आणि त्या घटकेला तर ती वरच्या खोलीत कानांत ती बोंडं घालून अभ्यास करत होती —

तुम्ही लिहू नका एवढ्यात. पेन खाली ठेवा.

माझं म्हणणं एवढंच की चूक दोन्हीकडून झाली. देवदत्तला, माझ्या मुलाला, मी हे सांगितलेलं नाही. तो आणि सूनबाई लोट्याला असतात, कंपनीच्या वसाहतीत, त्याच्या पाळ्या असतात, पंधरा दिवसांतून एकदा येतात. त्यांना वाटतं, पोलिसांनी घोळ घातला. शेजारच्या मालन शिवलकरनं तर कुंपणाच्या गडग्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं की हल्ली पैसे दिल्याशिवाय पोलीस कागद पुढे सरकवत नाहीत. तुम्हाला मी नावं ठेवू दिली, हे मला आवडलं नाही. पण मी गप्प राहिले. सात आठवडे.

सात आठवडे ती पोर हेलपाटे घालते आहे. तिला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हवाई दलाच्या अकादमीत हजर व्हायचंय — लेखी परीक्षा, पाच दिवसांची निवड, वैद्यकीय, सगळं पार पाडून आलीय, आणि अडलंय कुठे, तर एका कागदावर. आधी चिडली, मग नुसती कागदपत्रं काढून चटईवर मांडायची — दहावीचं, बारावीचं, पदवीचं, वसतिगृहाच्या पावत्या, रेशनकार्ड — आणि एकेक पाहत बसायची. परवा जेवताना म्हणाली, "आजी, माझ्यातच काहीतरी खोट सापडली असेल त्यांना, आणि ते सांगत नसतील." आणि पानावरून उठली. आमटी तशीच. मी काय केलं असेल? मी म्हणाले, हात नीट धू.

तुम्ही असे पाहू नका माझ्याकडे. तुमची आजी नव्हे मी.

त्या मिर्जोळ्याच्या धावपट्टीनं हे सगळं केलं, नाहीतर आमच्या घरात विमानाचं काय? आमच्या घरात सगळे मास्तर आणि कारकून. तटरक्षक दलाचं ते डॉर्निअर विमान आमच्या कौलांवरून वळायचं आणि ही तिसरीतली पोर अंगणात मान वर करून उभी. सुट्टीत इथे आली की तेच. मग पुण्याहून परत आली तेव्हा मला म्हणाली की आजी, मी अभ्यास करते तो तू माझ्याकडून म्हणून घे. तिथून लागलं हे मला. रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, इथे, ह्याच कॉटवर — ती राफेलच्या बाजूनं, मी सुखोईच्या. मी मुद्दाम. मला त्याचं कौतुक फार नाही, पण कोणीतरी विरुद्ध बाजूनं बोललंच पाहिजे, नाहीतर वाद कसा होणार? मी तिचे आकडे खोडून काढायची, ती माझे. एकदा दोन मैलांवरून — सागरी मैल आणि साधा मैल — आमचं तीन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी तिनं कबूल केलं की माझा गुणाकार बरोबर. शितप, हे घर सहा खोल्यांचं आहे. देवदत्तच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या पश्चात अकरा वर्षं मी ह्या सहा खोल्यांत घड्याळाशी बोलले. आणि दीड वर्ष माणसाशी बोलले. माणूस म्हणजे असं, ज्याला आपलं चुकलेलं कळतं आणि जो ते आपल्या तोंडावर सांगतो.

मी तुम्हाला आसनाचं सांगितलं. मानेचं सांगितलं. ते खरंच आहे, मला भीती आहे, मी रात्री रामरक्षा म्हणताना मधेच अडते. पण त्या दिवशी, सव्वाअकरा वाजता, तुम्ही ह्या पडवीत उभे राहून विचारलंत तेव्हा माझ्या मनात आसनही नव्हतं आणि मानही नव्हती. मनात ही दिवेलागणीनंतरची संध्याकाळ होती. झालं.

आता घ्या पेन.

लिहा. "मी, दमयंती आठल्ये, उमेदवाराची आजी" — वय घाला — "असे सांगते की माझी नात ऋजुता देवदत्त आठल्ये ही मे दोन हजार चोवीसपासून सदर पत्त्यावर माझ्यासोबत राहते. त्यापूर्वीची चार वर्षे ती शिक्षणानिमित्त पुणे येथे होती." पूर्णविराम. हं. "दिनांक चौदा ऑक्टोबर रोजी मी पोलीस कर्मचाऱ्यास अपुरी माहिती दिली." थांबा, काय लिहिताय? गैरसमजुतीने? हा शब्द मी सांगितला नाही. माझ्यासाठी म्हणून घालताय, ते कळतंय मला, तुम्ही सज्जन आहात, पण खोडा तो. मला प्रश्न पूर्ण समजला होता. तुमच्यापेक्षा अधिक समजला होता. लिहा — "जाणूनबुजून दिली." जोडून लिहा, एक शब्द. त्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. साहेब बोलावतील तर रिक्षा करून येईन, बसायला खुर्ची मात्र चार पायांची ठेवायला सांगा. आणि उमेदवाराचा ह्यात दोष नाही, हे वेगळ्या ओळीत. वेगळ्या ओळीत, शितप.

आणा इकडे. अंगठा नाही, सही करते मी. — ही. दुसऱ्या पानावरही हवी? ही घ्या.

नाही, मालनकडे मी येत नाही तुमच्याबरोबर. शेजाऱ्याचा जबाब तुम्ही एकटेच घ्या, ती खरंच सांगेल, तिला माझ्यासारखं बोलता येत नाही. आणि मग कुठेही न थांबता ठाण्यात जा. ऋजुता तिथेच बसलीय, सकाळी दहापासून, दाराजवळच्या बाकावर. तुम्ही इकडे निघालात आणि ती तिकडे पोचली असेल. डबा न्यायला विसरलीय. तिला आधी एवढंच सांगा की कागद झाला. कोणी अडवला होता ते विचारेल, ती विचारल्याशिवाय राहायची नाही, तिला पुढचा प्रश्न विचारता येतो — तर म्हणावं, घरी जा, आजी सांगेल. ते तुम्ही सांगायचं नाही. ते तुमचं काम नव्हे.

आता बूट घाला आणि निघा. पेला तिथेच राहू दे.