कंट्रोलरचा पत्ता कायम करताना

त्या सकाळी मी पाणी भरलं, चादरी धुतल्या, वेणी घालताना लेकीशी हुज्जत घातली आणि कपाट पुसताना आतल्या लॅपटॉपला वळसा घालून फडकं फिरवलं. सहा महिने तसंच चाललं होतं. पण थांबा, गोष्टीच्या नादात रीत राहिली.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा केंद्राचे व्यवस्थापक साहेब, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मास्तर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, आणि मागे चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी, सगळ्यांना नमस्कार. पाहुण्यांसाठी सांगते, मास्तर म्हणजे आमचे मुख्य इलेक्ट्रिशियन. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण इथे कोणाला शिकवल्यावाचून सोडलंही नाही.

माझे यजमान त्यांच्या हाताखाली होते. ते गेले, तेव्हा त्यांच्या वस्तूंचं खोकं घरी आलं. डबा, चष्मा, आणि पॅनेलच्या खोलीत फळीवर कायम चालू असायचा तो त्यांचा स्वतःचा लॅपटॉप. पुढे मला इथेच स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. नव्या यंत्रांबरोबर माहितीपुस्तिका येतात, त्या कोणी उघडत नाही. मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचायची. दुसरं वाचायला होतं काय हो तिथे?

तर त्या दिवशी धूळ काढायला मास्तरांनी पंपांना हुकूम देणारा मुख्य कंट्रोलर बंद केला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. परत चालू केला, तर नेटवर्कचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. तिन्ही पंपघरांशी संपर्क तुटला. टाकीत दुपारपुरतं पाणी, आणि त्यावर अख्खं शहर, रुग्णालयासकट. साहेब म्हणाले, (साहेब, आज तुम्ही अध्यक्ष आहात, रागावू नका) "आधीच्या माणसाचा निष्काळजीपणा. तसं लिहून टाका."

आधीचा माणूस म्हणजे आमचे हे. मी स्टोअरमधून दिलेला ब्रश परत न्यायला आले होते, दारातच थांबले. पाण्याचं काही ना काही होईल, पण हे वाक्य एकदा कागदावर गेलं की पुसणार कोण?

"मास्तर," मी म्हटलं, "हा पत्ता मागतोय ना? नेटवर्कवरचा, आकड्यांचा?"

"वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तिकेत आहे. आणि पत्ता देणारा बहुतेक माझ्या कपाटात आहे."

मास्तर साहेबांकडे वळले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, लिहायचं तर माझं नाव लिहा. आकडे बदलायचे होते, म्हणून इथला आणि पंपघरांतला एकही पत्ता कायम करू नकोस, मी सांगेन तेव्हा कर, असं मीच त्याला बजावलं होतं. तोवर यंत्र चालू झालं की लॅपटॉप त्याला पत्ता द्यायचा. 'आता कर' हे सांगायचं मी विसरलो. तो माझ्या शब्दावर थांबला होता."

नोकरीची चारच वर्षं उरलेला माणूस असं बोलतो का? मी तरी दुसरा पाहिला नाही.

धावत घरी जाऊन लॅपटॉप आणला. पासवर्ड पहिल्या फटक्यात जमला. काय होता ते इथे सांगणार नाही. तार जोडली, यांनी करून ठेवलेली पत्त्यांची यादी उघडली, आणि दिवा स्थिर झाला. टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, "अजून नाही. 'हा पत्ता कायम ठेव' असं त्याला सांगायचं राहिलंय."

"तुम्हीच सांगा," मास्तर म्हणाले. मी कळ दाबली आणि म्हटलं, "आता लॅपटॉप काढा आणि कंट्रोलर बंद करा."

"अहो वहिनी, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालताय?" ऑपरेटर ओरडला.

"घालू दे," म्हणत मास्तरांनी स्वतः खटका पाडला. दहा आकडे मोजले. चालू केला. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिरावला. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, मिटलेला. साहेबांनी लिहायला घेतलेला कागद फाडला, हेही सांगायला हवं.

मास्तर, त्या पॅनेलच्या खोलीची किल्ली आज तुम्ही माझ्या हाती दिलीत. किल्लीबद्दल आभार, आणि त्या दिवशीच्या चार वाक्यांबद्दल त्याहून जास्त. काकू, आता मास्तर घरातले खटके उघडून बसतील, सांभाळून घ्या. आयोजकांनी बोलायला उभं केलं, तुम्ही चहा थांबवून ऐकलंत, उपकार झाले. कोणाला मान द्यायचा राहिला असेल, साहेबांबद्दल जीभ जरा सैल सुटली असेल, तर पोटात घाला.

आणि हो, एक राहिलंच. त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांबरोबर तिन्ही पंपघरांत गेले आणि तिथले पत्ते कायम करून आले.