ठासलेली बंदूक

मी सुनंदा, मूळची मालवणकडची, लग्न होऊन मुंबईला आले, आता चारकोपला असतो आम्ही, हे आधी गिरणीत होते, मग वॉचमन झाले, आता घरीच असतात. माझे बाबा गावात शेताची राखण करायचे, रानडुकरं यायची ना, तर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, म्हणजे काडतुसाची नव्हे हां, तोंडातून भरायची, आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचं ठासायचं ठासायचं, मग मागे नळीच्या बुडाशी बारीक भोक असतं, कान म्हणतात त्याला, त्यावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार. पणजोबांच्या वेळी टोपीपण नव्हती म्हणे, तोड्याची बंदूक, जळती वात टेकवायची, वात विझली की डुकरासमोर माणूस उघडाच. बाबा सांगायचे, बंदूक रिकामी आसा असा कधी धरून चलू नको गो चेडवा.

आणि काय सांगू तुम्हाला, तसलीच एक माझ्या घरात आली. शिमग्यानंतर ह्यांचा चुलतभाऊ वारला, हे गावी गेले आणि येताना माझ्या सासऱ्यांची बंदूक गोधडीत गुंडाळून बसने घेऊन आले. मी म्हटलं, अहो, लायसन? तर म्हणे बाबांच्या नावावर होतं, बाबा कधीच गेले, आठवण म्हणून आणली, नुसता लोखंडाचा दांडा तो. आणि ती कपाटामागे उभी करून ठेवली. दारावर बेल वाजली की मी आधी कपाटाकडे बघायची.

एका सकाळी बघते तर हे गॅलरीत बसून तिला रॉकेलने पुसतायत, आणि घोडा मागे ओढून नळीत डोळा घालतायत. मी ओरडले, डोकं मागे घ्या आधी! मीच घोडा हळूच खाली आणला, गज काढून बाहेरून नळीला लावला, कानापर्यंत, नळीच्या तोंडाशी गजावर कुंकवाची खूण केली, मग देवाचं नाव घेत आत सोडला, रिकामी असती तर खूण तोंडाशी टेकली असती, ती चार बोटं बाहेरच. भरलेली होती हो! सासऱ्यांच्या हातची भरलेली, आणि हे ती मांडीवर घेऊन गावाहून आले.

मग दोघांनी नळीत पाणी ओतलं, ओतत राहिलो, कानातून काळं काळं ठिबकलं तेव्हा कळलं, दारू भिजली. हे म्हणाले, चल, मनोरीच्या खाडीत टाकून येऊ, कोणाला कळतंय? मी म्हटलं, आणि कोळ्याच्या जाळ्यात आली, कोणी वाळवली तर? पोलिसातच देऊ. मला आत टाकतील गं, म्हणाले. मी म्हटलं, डबा घेऊन येईन रोज, पण कोणाचा जीव जायला नको आपल्यापायी.

खालच्या मजल्यावरची वैशाली पोलिसात आहे, तिला बोलावलं. ती म्हणाली, काकी, आता कोणी हात लावू नका. तिचे साहेब आले, बंदूक नेली, ह्यांनापण नेलं, मी पोलीस ठाण्याबाहेर बाकड्यावर बसून. संध्याकाळी जबाब घेऊन सोडलं, पण केस झालीच ना. वकील म्हणतो, स्वतःहून दिलीत, कोर्ट बघेल ते. बघेल ना हो?

हे नीट जेवत नाहीत आता, म्हणतात तुझं ऐकलं आणि अडकलो. म्हणू देत बापडे, माणूस समोर बसून भांडतोय तरी. सोमवारी बोरिवलीला तारीख आहे, तुम्हीपण आमच्यासाठी एक गाऱ्हाणं घाला देवाला.